बँडमास्तरांची सलामी

बँडमास्तरांनी उभ्या जन्मात एकही वाद्य हातात धरलं नव्हतं. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. तरीही सगळा रस्ता त्यांना बँडमास्तर म्हणायचा, कारण त्यांचं दुकान हॉर्नचं होतं. ट्रकचे, टँकरचे, लांब पल्ल्याच्या बसचे हॉर्न. दुकानाच्या दारावर लांब-आखूड कर्णे ओळीनं टांगलेले असत, जणू बँडवाले आपली वाद्यं अडकवून जेवायला गेलेत. कुणा ड्रायव्हरनं एकदा ते पाहून 'काय बँडमास्तर' अशी हाक मारली, आणि ती चिकटली ती चिकटलीच. खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं.

दुकान मोठ्या रस्त्याला अगदी खेटून होतं. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि बाहेरून चढणारा लोखंडी जिना. रस्ता पूर्वी अरुंद होता, मग रुंद झाला, मग आणखी रुंद झाला, आणि दर वेळी तो मास्तरांच्या पायरीकडे सरकत आला. जिन्याशी एक जुनं झाड होतं. ते पहिल्या रुंदीकरणातून वाचलं, दुसऱ्यातूनही वाचलं, पण धुरातून काही वाचलं नाही. पानं आधी काळी पडली, मग यायचीच थांबली. आता त्याच्या खोडाला पंक्चरवाला आपले जुने टायर टेकवून ठेवी. हा पंक्चरवाला मास्तरांचा शेजारी, आणि खरं सांगायचं तर एकुलता एक मित्र.

हॉर्न बसवणं म्हणजे दोन वायरी जोडणं नव्हे, हे मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत, त्यानं विचारलेलं असो वा नसो. टाकीतली हवा नळीतून येते, कर्ण्याच्या बुडाशी एक पातळ पडदा असतो त्याला थरथरवते, आणि तो आवाज कर्ण्यातून बाहेर पडतो. पडद्याच्या मागे एक स्क्रू. तो किती पिळायचा, यात सगळी मेख. मास्तर तो जरासा पिळत, ड्रायव्हरला बटण दाबायला लावत, मान तिरपी करून ऐकत, 'अंहं' म्हणत आणि पुन्हा पिळत. याला ना यंत्र ना माप, नुसता कान. आणि कान असावा तर बँडमास्तरांसारखा, याबद्दल साऱ्या रस्त्याचं एकमत होतं. कुणाचा हॉर्न लांबूनच छातीत धडकी भरवणारा असला की लोक ओळखत, हा मास्तरांच्या हातचा.

त्यातूनच ती रीत पडली. ज्यानं मास्तरांकडून हॉर्न घेतला, त्यानं दुकानासमोरून जाताना तो एकदा दणकून वाजवायचा. याला सलामी म्हणायचे. सुरुवात कुणी केली ते कुणालाच सांगता येत नसे, पण ड्रायव्हर लोक ती पाळत मात्र इमानेइतबारे. नवा ड्रायव्हर असला तर शेजारी बसलेला क्लिनर त्याला कोपरानं ढोसून आठवण करून देई. इतक्या वर्षांच्या धंद्यात रस्त्यावरची निम्मीअधिक धुडं मास्तरांचीच गिऱ्हाइकं होती, त्यामुळे सकाळी दुकान उघडल्यापासून सलाम्यांना खंड नसे. मास्तर मान वर न करता नुसता हात उचलत. राजेलोकांना तरी याहून जास्त काय मिळत असेल, असं ते पंक्चरवाल्याला म्हणत. पंक्चरवाला म्हणे, राजांना झोप मिळत असेल.

मास्तरांच्या बायकोला मात्र ही झोप कधी मिळाली नाही. ती कानात कापसाचे बोळे घालून निजे आणि तरी दचकून उठे. खिडकी लावली तर खोलीची भट्टी व्हायची, उघडली तर भांड्यांवर, उशीवर, पाण्याच्या माठावर काळी पूड बसायची. तिला रक्तदाब जडला. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. आता या घरात विश्रांती घ्यायची कुठं, हे त्यानं सांगितलं नाही. एका दुपारी ती भांडी घासताघासता खाली बसली ती उठलीच नाही. मास्तर खाली दुकानात होते. तिनं हाक मारली असेल का, हा प्रश्न त्यांनी मनात पुष्कळ दिवस दाबून ठेवला होता.

ती गेल्यावर घर अंगावर यायला लागलं. एकट्यासाठी रांधायचा कंटाळा म्हणून मास्तर एकदाच भात टाकत आणि दोन्ही वेळा तोच खात. लेक लग्न होऊन दूरच्या गावी. माणूसकाणूस असं घरात कुणी नाही. संध्याकाळी पंक्चरवाला येऊन बसे, पण अलीकडे त्या बसण्यातही राम राहिला नव्हता. तो काहीतरी बोले, मास्तर हसून मान डोलवत, आणि त्यानं प्रश्न विचारला होता हे त्यांना त्याच्या चेहऱ्यावरून मागाहून कळे. हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी मास्तरांची तक्रार होती. लोकांना खणखणीत बोलायला काय धाड भरते, तेच त्यांना समजत नव्हतं. फक्त सलामी तेवढी स्पष्ट ऐकू यायची. दिवसभरात आपल्याशी कुणी बोललं असेल तर ते या हॉर्नांनी, असं त्यांना वाटायचं, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

अशात लेकीचा निरोप आला. जावई बोटीवर नोकरीला होता, तो सहा-सात महिन्यांसाठी समुद्रावर चालला होता. तेवढे दिवस ती तान्ह्या पोरीला घेऊन बाबांकडे येणार होती. आणि जमलं, पोरीला मानवलं, तर इथंच नोकरी बघून कायमचं राहायचाही तिचा विचार होता. जावयाची त्याला ना नव्हती.

मास्तरांच्या अंगात वारं संचारलं. त्यांनी दोन्ही खोल्यांना रंग दिला. छताच्या कोपऱ्यातली काजळी खरवडून काढली, तेव्हा खालचा जुना रंग निळा होता हे त्यांना नव्यानं कळलं. पाळणा आणला. भांड्यांचा जादा संच आणला. पंक्चरवाल्याला रोज नव्यानं सांगितलं की लेक येतेय, आणि त्यानंही रोज नव्यानं ऐकल्यासारखं केलं. माणसाला एकटेपणाची सवय होते म्हणतात, ते साफ खोटं आहे. मास्तरांना ती झाली नव्हती, हे त्या दिवसांत त्यांच्याकडे बघून कुणालाही कळलं असतं.

लेक आली. नात चार महिन्यांची, गोरी-गोमटी, टकली, आणि चेहऱ्यावर एखाद्या रिटायर हेडमास्तरणीचा भाव. मास्तरांनी तिचं नाव ठकूबाई ठेवलं. तिला मांडीवर घेऊन ते दुकानात बसले आणि समोरून जाणाऱ्या पहिल्याच टँकरनं सलामी दिली. ठकूबाईचे दोन्ही हात एकदम हवेत उडाले, बोटं फाकली, तोंड उघडलं, आणि चेहरा लालबुंद झाला. मास्तरांना वाटलं, हसतेय. ते कौतुकानं लेकीला म्हणाले, "बघ, आजोबांची सलामी ओळखली हिनं."

लेकीनं पोरीला उचललं आणि ती वर निघून गेली.

पहिला आठवडा असाच गेला. पोर झोपली रे झोपली की सलामी यायची, ती दचकायची, किंचाळून रडायची. रडून दमली की डोळा लागायचा, की पुन्हा सलामी. लेकीच्या डोळ्यांखाली काळं आलं. वाळत घातलेली दुपटी संध्याकाळी करड्या रंगाची होऊन खाली यायची. मग पोरीला खोकला लागला. आधी कोरडा, मग घरघर सुरू झाली. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि घर कुठं आहे ते विचारलं. पत्ता ऐकून त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या रस्त्यावरची मुलं आपल्याकडे नेहमीच येतात, म्हणाल्या, औषध देते, पण धूर काही औषधानं थांबायचा नाही. आणि झोपेत असं सारखं दचकणंही या वयात बरं नव्हे.

मास्तरांनी हे ऐकून घेतलं आणि आपलं घोडं पुढं दामटलं. सवय होईल, म्हणाले. तू नाही का इथंच वाढलीस.

"मी कशी वाढले ते आईला ठाऊक होतं," लेक म्हणाली. "बाबा, आईला या रस्त्यानं नेलं. तुम्हाला ते कधी ऐकूच आलं नाही."

हे मात्र मास्तरांना स्वच्छ ऐकू आलं. ती अगदी समोर उभी होती. ते खाली जाऊन दुकानात बसले आणि त्या दिवशी त्यांनी एकाही सलामीला हात उचलला नाही.

खरी गोष्ट उघडी पडली ती चार दिवसांनी. लेकीला नोकरीच्या चौकशीला जायचं होतं. पोर नुकतीच झोपली होती. मास्तर म्हणाले, जा खुशाल, मी आहे. ते पाळण्याकडे पाठ करून खिडकीशी बसले. एका हॉर्नचा पडदा मांडीवर घेऊन घासत होते आणि मजेत होते. घरात नात निजलीय, लेक आता येईल, चहा होईल, असं सगळं त्यांच्या मनात चाललं होतं. लेक परत आली तेव्हा जिन्याच्या पहिल्या पायरीपासून तिला रडणं ऐकू आलं. ती धावत वर आली. पोर रडून रडून निळी पडली होती, आवाज घोगरा झाला होता, दुपटं पायात गुंडाळलं गेलं होतं. हातभर अंतरावर मास्तर पाठमोरे बसून पडदा घासत होते आणि मान डोलवत होते.

लेकीचा हात खांद्यावर पडला तेव्हा ते वळले आणि हसून म्हणाले, "आलीस? शहाण्यासारखी झोपलीय बघ."

मग त्यांनी पाळण्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातला पडदा खाली पडला, त्याचाही आवाज त्यांना आला नाही.

लेक भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ती त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथं त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या चढवल्या आणि हातात बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. मास्तर बटणावर अंगठा ठेवून ताठ बसले. बऱ्याच वेळानं काचेतून त्यांनी खुणेनंच विचारलं, तपासणी सुरू कधी करणार? ती तेव्हा संपत आली होती.

डॉक्टर म्हणाले, जाड आवाज थोडेफार येतात, बारीक आवाज गेले. पाखरं, लहान मुलांचं रडणं, बायकांचं बोलणं हे आधी जातं. गेलेलं परत येत नाही, मशीन लावून थोडा उपयोग होईल. हा धंदा किती वर्षं करताय, असंही त्यांनी विचारलं. मास्तर मनात शेवटचं पाखरू कधी ऐकलं ते आठवत होते.

परत येताना रिक्षात लेकीनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "बाबा, हॉर्न तुम्ही कानानंच लावता ना?"

मास्तर म्हणाले, हो, कानानंच, दुसरं काय आहे त्यात. आणि मग त्यांना समजलं. समजलं ते डोक्यात असं बसलं की रिक्षा दाराशी थांबली तरी त्यांना उतरायचं भान राहिलं नाही.

म्हणजे बघा, झालं होतं असं. कान थोडा मंद झाला, की हॉर्न मास्तरांना नरम वाटायचा. मग ते स्क्रू थोडा जास्त पिळायचे. त्या हॉर्ननं कान आणखी मंद व्हायचा, मग स्क्रू आणखी. आणि ड्रायव्हर तरी कुठं शहाणे होते? दिवसभर स्वतःच्याच हॉर्नखाली बसून त्यांचेही कान तसेच झालेले. वर्षा-दोन वर्षांनी परत येऊन म्हणायचे, मास्तर, जरा दम कमी पडलाय. मास्तर मान तिरपी करून ऐकायचे आणि म्हणायचे, खरंय. असे दोन बहिरे एकमेकांना दुजोरा देत बसले आणि मधल्या मधे सगळा रस्ता त्यांनी पिळून काढला. इतकी वर्षं लोक ज्याला मास्तरांचा कान म्हणत होते, तो त्यांचा कान नव्हताच. तो कान गेल्याचा आवाज होता.

मशीन घेतलं. मागच्या खोलीत, खिडकी लावून, मास्तरांनी ते पहिल्यांदा कानात घातलं. लेकीनं पोर त्यांच्या छातीवर ठेवली. तिचा श्वास येत होता, जात होता, मधे बारीकशी घरघर होत होती. मास्तर कितीतरी वेळ हलले नाहीत. आपण काय काय घालवून बसलो याचा हिशेब त्यांना तेवढ्यात लागला, आणि डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही. मग बाहेर सलामी झाली. आपल्याच हातचा हॉर्न त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरा ऐकला. डोक्यात खिळा ठोकावा तसा तो शिरला. त्यांनी मशीन उपटून काढलं आणि पोरीकडे पाहिलं. तिला काही उपटून काढता येत नव्हतं.

आता सलामी बंद करायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. पण सलामी ही काही नळाची तोटी नव्हे. मास्तरांनी पाटी रंगवून घेतली, 'येथे हॉर्न वाजवू नये', आणि ती टांगली कुठं, तर 'सर्व प्रकारचे हॉर्न मिळतील' या आपल्या पाटीच्या खाली. सगळ्या रस्त्याला हसायला एक निमित्त झालं. मास्तरांनी काय झकास विनोद केलाय, असं म्हणत ड्रायव्हर गाडी हळू करत, पाटी वाचत आणि दोनदा वाजवत. मग मास्तर स्वतः रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. दोन्ही हात वर करून नको नको म्हणून हलवू लागले. मास्तर एवढे बाहेर येऊन हात करतात म्हटल्यावर लोकांना भरून आलं. ज्यांनी एरवी एक सलामी दिली असती त्यांनी लांबलचक दिली. काहींनी तर बटणावरचा हात दुकान नजरेआड होईपर्यंत काढला नाही.

वर खिडकीत लेक पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती. तिनं सगळं पाहिलं. बाप भर रस्त्यात, धुरात, हात जोडतोय, आणि त्याला ओवाळावं तसे ट्रक भोंगे वाजवत चाललेत. तिला हसू आलं आणि रडूही आलं.

मास्तरांनी नवे हॉर्न लावायची तऱ्हाही बदलली. लेकीला दाराशी उभं करायचं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत स्क्रू सैल करायचा. तिच्या कपाळाची आठी गेली की हॉर्न लागला. असे हॉर्न आठवड्यात परत यायला लागले. मास्तर, ही काय पिपाणी दिलीत का, असं गिऱ्हाईक तोंडावर म्हणे. मास्तर म्हणत, वर माझी नात झोपते. गिऱ्हाईक ओशाळून जाई आणि पुढच्या गावी दुसऱ्याकडून हॉर्न घेई.

पोरीचा खोकला काही हटेना. एका संध्याकाळी तिला धाप लागली, ओठ काळसर दिसायला लागले, आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. दोन दिवसांनी घरी आणली तेव्हा लेकीनं बॅगा भरायला घेतल्या. मास्तर पाळण्याचा दांडा धरून बसले होते. ते म्हणाले, मी बंद करतो ना सलाम्या, थोडी मुदत दे.

लेक त्यांच्यासमोर खाली बसली. ओठ दिसावेत म्हणून तिनं त्यांची हनुवटी आपल्याकडे वळवली आणि सावकाश बोलली. "सलाम्या थांबल्या तरी धूर थांबणार आहे का? तुम्हीच चला आमच्याबरोबर."

मास्तरांनी मान हलवली. का नाही, ते त्यांना धड सांगता आलं नाही. दुकानाचं काय, म्हणाले, इथली माणसं काय म्हणतील, म्हणाले. खरं कारण वेगळंच होतं. पोर निळी पडेपर्यंत रडली आणि आपण पाठ करून बसलो होतो, ते चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. आपण जाऊ तिथं ते चित्र बरोबर येणार, आणि लेक उद्या बाहेर पडताना पोरीला आपल्यापाशी ठेवायला कचरणार. ती तोंडानं काही बोलणार नाही, नुसती कचरेल, आणि आपल्याला ते दिसेल. ते बघण्यापेक्षा इथंच बरं, असं त्यांनी ठरवलं. माणूस कधीकधी स्वतःला अशी शिक्षा देतो आणि वर त्याला शहाणपण म्हणतो.

लेक आणि नात गेल्या. पाळणा तसाच राहिला.

इकडे पंक्चरवाल्यानं आपल्या डोक्यानं एक काम चालू ठेवलं होतं. त्याच्याकडे चाकं घेऊन येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला तो सांगायचा, मास्तरांची नात वर झोपते, तिची छाती नाजूक आहे, तेव्हा हॉर्न नको, सलामी द्यायची तर दिव्यांनी दे. पाटीवर हसणारे लोक हे ऐकून गप्प झाले. पोराबाळांपासून महिनोन्महिने लांब राहणारी माणसं ती, त्यांना हे लगेच पोचलं. त्यांनी ते पुढच्या ढाब्यावर सांगितलं, तिथून ते पुढच्या नाक्यावर गेलं. लेक जाऊन महिना झाला असेल-नसेल, एक एक करत सलाम्या थांबल्या. धुडंच्या धुडं दुकानासमोर येऊन हळू होत, दिवे मिचकावत आणि चुपचाप पुढे जात. एरवीचा रस्त्याचा गोंगाट होताच, धूरही होता, पण मास्तरांच्या नावचा म्हणून जो दणका असायचा तो उरला नाही.

मास्तरांना हे कळलं ते दिव्यांवरून. त्यांनी मशीन कानात घालून खात्री केली आणि धावतच लेकीला फोन लावला. बोलणं ऐकू येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून ते फक्त आपलं सांगत सुटले. सलाम्या बंद झाल्या, एकसुद्धा वाजत नाही, वरची खिडकी मी पक्की बंद करून घेतो, पोरीला घेऊन ये. मग त्यांनी फोन ठेवला आणि उत्तराची वाट बघत बसले. उत्तर लिहून आलं. 'बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तसं वाटत असेल. ठकू इथं बरी आहे. खोकला गेला. रात्रभर झोपते. तुम्ही जेवता ना वेळेवर?'

मास्तरांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. खोकला गेला, या शब्दांवर ते थांबायचे. त्यांना बरं वाटलं, मनापासून बरं वाटलं, पण या दोन शब्दांत सगळं आलं होतं. ती आता इथं कधीही येणार नव्हती, आणि ती आली नाही हेच बरोबर होतं.

पंक्चरवाला म्हणाला, आता पोर नाहीच इथं, तर सांगू का लोकांना, वाजवा म्हणून? तुमचं मन तरी रमेल. तो मोठ्यानं, ओठ मोकळे करून बोलला, मास्तरांना नीट कळावं म्हणून. मास्तर घाईघाईनं नको म्हणाले. का, ते त्यानं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

पण कारण होतं. या घरात नात नाही हे दोघांनाच ठाऊक होतं. बाकी सगळ्या रस्त्याच्या लेखी ती वर झोपलेली होती. कुठून कुठून आलेली अनोळखी माणसं तिच्यासाठी पायानं वेग कमी करत होती, आणि तेवढ्यापुरती का होईना, ती तिथं असायची.

मग एका दुपारी एक लांबलचक ट्रेलर दुकानापुढे येऊन थांबला. इंजिन बंद करून ड्रायव्हर खाली उतरला. माणूस आडदांड, मिशीवाला, पूर्वी मास्तरांकडून तीन-तीन कर्ण्यांचा हॉर्न नेलेला. त्यानं दार आपटलं नाही, दोन्ही हातांनी दाबून लावलं. त्याच्या बगलेत कापडी ससा होता, वरच्या प्लास्टिकच्या पिशवीसकट. तो चवड्यांवर चालत आला, ससा दुकानाच्या फळीवर ठेवला, आणि आवाज न करता वर बोट दाखवून, दोन्ही तळवे गालाखाली धरून विचारलं, झोपलीय का?

मास्तरांनी वर रिकाम्या खिडकीकडे पाहिलं.

"आत्ताच झोपलीय," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.